लेकीच्या बेटावरचं पाणी

आर्वीजवळच्या रोहणा गावचे नत्थूजी अंदमानला निघाले तेव्हा त्यांच्या एका हातात वांग्यांची थैली होती आणि दुसऱ्या हातात फुटाण्यांची. वांगी लेकीसाठी आणि फुटाणे स्वतःसाठी. लेकीच्या घरी ते अन्नाचा कण खाणार नव्हते की पाण्याचा घोट घेणार नव्हते. शेकडो कोसांवर लेकीला भेटायला जायचं आणि तिच्या चुलीकडे पाठ करून फुटाणे खात बसायचं, हा काय पाहुणचार झाला? पण हे नत्थूजींना सांगणार कोण? मंदाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, सांगून पाहिलं होतं. नत्थूजींनी फुटाण्यांत गुळाचा खडा टाकला आणि थैलीचं तोंड बांधलं.

तसा माणूस साधा. आर्वीच्या रस्त्याला लागून थोडं वावर, त्यात वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, उन्हाळ्यात भेंडी आणि गवार. पहाटे तोडायचं आणि आर्वीच्या बाजारात नेऊन बसायचं, यात त्यांचा जन्म गेला. लग्न-मरण सोडलं तर रात्र कधी घराबाहेर काढली नाही. वाफ्यातल्या रोपांशी बोलत आणि माणसांशी मोजकं बोलत. एक खोड मात्र होती. कुठल्याही गावाला गेले की आधी तिथल्या विहिरीचं पाणी ओंजळीत घेत, डोळे मिटून तोंडात घोळवत आणि न विचारता निकाल देत, "गोड हाये," किंवा "मचूळ हाये बाप्पा, मिरची नाई येनार." यजमान बिचारा चहाची कपबशी घेऊन उभा राही आणि हे त्याच्या विहिरीला नावं ठेवत बसत.

लेकीच्या घरचं पाणी न पिण्याची रीत काही नत्थूजींनी काढलेली नव्हती. लेकीला मूल होईस्तोवर बापाने तिच्या घरी जेवू नये, असं जुनी माणसं म्हणत. आताशा ते कोणी पाळत नाही. बाप लेकीकडे जातात, पोटभर जेवतात, वर डबाही बांधून आणतात. नत्थूजी पाळत, त्याला कारण त्यांची थोरली बहीण कमला. कमलाच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा त्यांचे वडील तानबा बाजारातून येताना भर उन्हात तिच्या दारी टेकले. भूक लागलेली, लेकीने ताट वाढलं, बाप जेवला. पुढे कमलाचं पहिलं मूल पाळण्यातच गेलं आणि दुसरंही राहिलं नाही. गावाने बोट तानबाच्या ताटाकडे दाखवलं. पाळण्यातल्या लेकराला कोणता ताप आला, त्याला दवाखान्यात का नेलं नाही, हे कोणी विचारलं नाही. गावाला कारण हवं असतं, औषध नको असतं. तानबा मरेपर्यंत "म्या जेवलो अन् लेकीचं वाटोळं झालं" असं म्हणत राहिला आणि लहानगा नत्थू ते ऐकत राहिला.

म्हणून आपल्या लेकीचं, दिपालीचं लग्न झालं त्याच दिवशी नत्थूजींनी मनाशी गाठ बांधली. आपण पाळू म्हणजे देव तिच्या पदरात लेकरू टाकेल. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, कारण नवस बोलून दाखवला की फळत नाही म्हणतात. लोकांना वाटे, म्हातारा रिवाजाचा आहे. खरं म्हणजे तो हे लेकीसाठी पाळत होता, आणि लेकीलाच ते ठाऊक नव्हतं.

दिपाली सावंगीला नर्सिंग शिकली. नवरा धीरज विजेच्या खात्यात. त्याची नेमणूक अंदमानातल्या एका लहान बेटावर झाली आणि तिलाही तिथल्याच सरकारी दवाखान्यात काम मिळालं. लग्नाला चार वर्षं होत आली, तरी नत्थूजी तिकडे फिरकले नव्हते. यंदा मंदाबाईंनीच रेटा लावला. "वांग्याले म्या पाणी देतो. तुमी जाऊन पोरीले पाहून येजा," म्हणाल्या. म्हणताना त्या नत्थूजींकडे न पाहता चुलीकडे पाहत होत्या. ते नत्थूजींच्या ध्यानात आलं, पण त्याचा अर्थ काही लागला नाही.

बेटावर तर कशाचाच अर्थ लागेना. पहिल्या दिवशी जाग आली तर लख्ख ऊन. आपण मेल्यासारखे झोपलो म्हणून लगबगीने उठले, आंघोळ केली, ओसरीवर येऊन बसले. घरात कोणी हलेना. अखेर धीरज डोळे चोळत आला.

"मामाजी, इतक्या लवकर काऊन उठले? आत्ता साडेपाच वाजून राह्यले."

"साडेपाच? अन् हे ऊन?"

"इकडं सूर्य लवकर निघते."

बरं, लवकर निघतो तर निघो. पण संध्याकाळी चहाची वेळ होते न होते तोच अंधार पडला. म्हणजे दिवस पुढून वाढवला आणि मागून कापला. नत्थूजींनी हा हिशेब करून पाहिला आणि सोडून दिला.

त्याहून वाईट म्हणजे समुद्र. घराच्या मागे काही पावलांवर पाणी होतं. नारळीच्या बुंध्याला लाटा लागत होत्या, हे त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं. दुपारी पुन्हा गेले तर पाणी नाही! लांबवर नुसता चिखल, खडक आणि तिरपे चालणारे खेकडे. विहीर आटायला उन्हाळा लागतो, इथे तर एका सकाळीत समुद्र आटला. धीरजने भरती-ओहोटी समजावून सांगितली, चंद्र पाणी ओढतो म्हणाला. नत्थूजी "हाव, हाव" म्हणाले. मनात म्हणाले, चंद्र तर आमच्या गावालाही आहे, आमच्या विहिरीतून त्याने कधी बादलीभर ओढलं नाही.

पण चंद्रसूर्याचं कोडं एकवेळ परवडलं. न सुटणारं कोडं घरातच होतं.

पहिल्या दिवशी दिपालीने त्यांच्याच वांग्यांची भाजी केली. ताट वाढून समोर ठेवलं. नत्थूजी हसून म्हणाले, "तुले तं माहीत हाये, बाई."

"वांगे तुमचेच हायेत बाबा. तुमच्या वावरातले. ते तं खाऊ शकता?"

नत्थूजींनी क्षणभर विचार केला. मुद्दा बिनतोड होता. मग म्हणाले, "वांगे माये, पण तेल-मीठ तुयं हाये ना?"

दिपालीने ताटावर दुसरं ताट झाकलं आणि उचलून आत नेलं. फुटाणे प्रवासातच संपले होते, म्हणून नत्थूजी जेट्टीजवळच्या बंगाली माणसाच्या हॉटेलात गेले, पुरीभाजी खाल्ली, पाण्याच्या बाटल्या विकत घेऊन आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा ताट, पुन्हा झाकण, पुन्हा हॉटेल. तिसऱ्या दिवशी तेच. लहानपणी ही पोरगी भांडून घर डोक्यावर घेई. "तुमी बह्याळ हा बाबा," असं म्हणून तोंडावर वेड्यात काढे. आता ती भांडत नव्हती, रुसत नव्हती. नुसतं ताट वाढत होती आणि झाकून नेत होती. नत्थूजींना वाटलं, आपण विहिरीत बादली सोडतोय आणि ती पाण्याला टेकतच नाही.

त्यांनी धीरजला बाजूला घेतलं. "जवाईबापू, दिपी काऊन अशी करून राह्यली?"

धीरजने चपलेने वाळू उकरली. "तिलेच विचारा ना, मामाजी."

मंदाबाईंचा रोज फोन येई आणि रोज पहिला प्रश्न तोच. "जेवले का?"

"हाव. हाटेलात."

"लेकीच्या इथी जेवा ना एकडाव."

नत्थूजी फोनकडे पाहतच राहिले. कमलाची सगळी कहाणी ठाऊक असलेली, सणावाराला सतरा रीती पाळणारी ही बाई घरी म्हणाली ती म्हणाली, आता फोनवरही असं म्हणते? सूर्य पहाटेच डोक्यावर येतो, समुद्र दुपारी गायब होतो आणि आता मंदाही उलटं बोलायला लागली. या बेटाच्या हवेतच काहीतरी गडबड आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं.

रविवारी धीरजने जीप आणली. बेटाच्या टोकाला कडा आहे आणि त्याच्याखाली लगून आहे, ते पाहायला लांबलांबून लोक येतात, म्हणाला. झाडीतून वर जाणारी पायवाट सुरू झाली तिथे त्याने जीप थांबवली. "तुमी दोघं जाऊन या. मी गाडीपाशी थांबतो," असं म्हणून त्याने दिपालीकडे पाहिलं आणि दिपालीने मान खाली घातली. हेही नत्थूजींनी पाहिलं. पाहिलेल्या आणि न समजलेल्या गोष्टींचा आता त्यांच्याजवळ ढीग झाला होता.

चढ अंगावर येणारा होता. मुळांवर पाय देत, वेली बाजूला सारत ते वर पोचले आणि झाडी एकदम संपली. पुढे जमीनच नव्हती. नत्थूजींनी झटकन एका झाडाचं खोड धरलं. डावीकडे कडा सरळ खाली गेला होता आणि तळाशी गडद निळं पाणी खडकावर आपटून पांढरं होत होतं. तो आवाज छातीत बसत होता. उजवीकडे मात्र वेगळंच. खडकांची एक रांग पाण्यात अर्धगोल फिरली होती आणि तिच्या आत हिरवंगार पाणी निवांत पडलं होतं. लाट नाही, आवाज नाही. तळाचे दगडसुद्धा दिसत होते.

"हा समुद्र अन् हा तलाव," नत्थूजी म्हणाले. "शेजारी शेजारी! कोनं बांधला?"

"कोनं नाई बांधला, बाबा. लगून म्हनतात त्याले." एवढंच बोलून दिपाली एका खडकावर बसली. तिला काहीतरी बोलायचं होतं. ओठ हलत आणि थांबत. नत्थूजींना वाटलं, पोरीला दम लागला.

दम खरा त्यांनाच लागला होता. दमट उकाड्याने अंगातलं पाणी घामावाटे निघून गेलं होतं. आपल्याकडचं ऊन कितीही कडक असलं तरी घाम सुकवतं, इथलं ऊन नुसतं उकडून काढतं. त्यांनी पिशवीतली बाटली काढली. रिकामी. उलटी करून पाहिली. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय, ते त्यांना आज खरोखर कळलं.

दिपालीने आपली बाटली पुढे केली. काठोकाठ भरलेली.

"घरचं पानी हाये ना ते?" नत्थूजींनी विचारलं.

"हाव."

"राहू दे मंग. खाली तलाव हाये ना."

"बाबा, ते पानी..."

पण नत्थूजी उठलेच. खडकात कोरल्यासारखी एक वाट खाली उतरत होती. तिच्यावरून बसत-सरकत ते निघाले आणि मागून दिपाली. त्यांचं गणित सरळ होतं. लाट मारते तो समुद्र, तो खारा. हे पाणी गप्प आहे, निवळ आहे, चहूकडून बांधलेलं आहे, म्हणजे तलाव. आणि तलाव काही लेकीच्या घरचा नव्हे, देवाचा. म्हणजे रीतही राहिली आणि तहानही भागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच या बेटावर त्यांना काहीतरी नीट समजलं होतं, त्यामुळे त्यांना जरा बरंही वाटलं.

काठावर उकिडवे बसले, ओंजळ भरली, सवयीने डोळे मिटले आणि मोठा घोट घेतला.

मग जे झालं ते सांगायला बरं नाही. अर्धं पाणी नाकातून आलं, अर्धं पोटात गेलं. नत्थूजी खोकत, थुंकत, डोळ्यांतून पाणी गाळत तिथेच बसले. घशात जणू कोणी मूठभर मीठ कोंबलं होतं. दिपाली धावत आली, त्यांची मान धरली आणि बाटली थेट त्यांच्या ओठांना लावली.

आणि त्या स्थितीतही नत्थूजींनी तोंड घट्ट मिटलं. हाताने बाटली ढकलली. ती खडकावर आडवी पडली आणि पाणी भडभडा सांडलं.

दिपाली आडव्या बाटलीकडे पाहत राहिली. तिने ती उचललीही नाही.

"किती दिवस पाळान, बाबा?"

"तुले लेकरू होयेपर्यंत," नत्थूजी खोकतच म्हणाले. "तुयाचसाठी हाये ना माय ते. माया काय फायदा हाये?"

"नाई होनार."

"असं बोलू नाई."

"नाई होनार, बाबा. दोन डाव पोटातच गेलं. दुसऱ्या वेळेस रक्त थांबेच ना. बोटीनं पोर्ट ब्लेअरले नेलं. पिशवी काढा लागली, नाईतं मी नसतो वाचलो." ती हे सगळं एका दमात, दवाखान्यात दुसऱ्या कोणाची हकीकत सांगावी तसं बोलली. "मायले माहीत हाये. मीच म्हनलं, बाबाले नको सांगजो. म्या सांगीन. रोज ताट वाढून ठेवतो, म्हनलं आज जेवतीन, मंग सांगीन. जेवल्यावर सांगतलं तं तुमी दया करून जेवले, असं नसतं झालं. तुमी रोज उठून हाटेलात जाता. मले वाटते, ताटच मले म्हनते, तुयं घर अजून घर नाई, तुया घरचं पानी अजून पेन्यासारखं नाई. मंग ते कधीच होनार नाई का, बाबा? तुमी माया इथी कधीच जेवनार नाई?"

नत्थूजींना पहिल्यांदा काहीच कळलं नाही. शब्द कळले, पण ते आपल्या लेकीविषयी आहेत हे कळेना. मग हळूहळू एकेक गोष्ट आपल्या जागी जाऊन बसू लागली. चुलीकडे पाहून बोलणारी मंदा. वाळू उकरणारा धीरज. झाकलेली ताटं. आणि जे जागी बसेना ते एवढंच की, मी तर एक कणही खाल्ला नव्हता. बापाने खाल्लं म्हणून कमलाचं गेलं. मग मी खाल्लं नाही, तर दिपीचं का गेलं? इतकी वर्षं तानबा कोणत्या गुन्ह्यासाठी रडत मेला? आणि माझी पोर बोटीत रक्तात पडली होती, तेव्हा मी रोहण्याला वांग्यांना पाणी देत होतो आणि पाळतोय म्हणून देवाकडे हक्काने मागत होतो. कोणाला जाब विचारायचा? देवाला, की तानबाला बोट दाखवणाऱ्या गावाला? त्यांनी हिरव्या पाण्याकडे पाहिलं. तेही आता सरकायला लागलं होतं. मघाशी बुडालेले दगड एकेक करून डोकं वर काढत होते. नत्थूजींना भडभडून आलं. ते मोठ्याने रडले, लहान पोरासारखे, तोंड झाकून घेण्याचंही भान न ठेवता. दिपाली त्यांच्या शेजारी बसली. बापाला रडताना तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मग तीही रडली.

बऱ्याच वेळाने नत्थूजींनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसलं. ओठ अजून खारट लागत होते. समुद्राने की आसवांनी, ते त्यांना सांगता आलं नसतं. त्यांनी आडवी पडलेली बाटली उचलली आणि कानाजवळ नेऊन हलवली. तळाशी थोडं पाणी उरलं होतं.

"बाबा, राहू द्या. जबरदस्ती नाई." दिपालीचा आवाज बसला होता. "मले दया नाई पाह्यजे."

"दया कायची?" नत्थूजी म्हणाले. "मीठ तं पोटभर खाऊन बसलो तुया गावचं. आता पान्यानं काय घोडं मारलं?"

त्यांनी बाटली तोंडाला लावली. घोट तोंडात घेतला, घोळवला आणि सवयीने डोळे मिटले. दिपाली त्यांच्याकडे पाहत होती. लहानपणी विहिरीच्या काठी ती अशीच निकालाची वाट पाहत उभी राही.

"गोड हाये," नत्थूजी म्हणाले.

घरी आल्यावर तिने ताट वाढलं. उरलेल्या वांग्यांची भाजी, पोळी, भात, वरण. धीरज दारात उभा राहून उगीचच रुमालाची घडी घालत होता. नत्थूजी पाटावर बसले, हात धुतले, ताटाला नमस्कार केला आणि पहिला घास घेतला. चव काय लागली हे त्यांना धड कळलं नाही, कारण डोक्यात सगळा गोंधळ होता. नवस मोडला की सुटला, पाप झालं की पाप फिटलं, काही उलगडेना. पण समोर लेक पोळी घेऊन उभी होती आणि नको म्हणायला आता कोणतंच कारण उरलं नव्हतं. त्यांनी पोळी घेतली. मग आणखी एक घेतली.

तेवढ्यात फोन वाजला. मंदाबाई होत्या. पहिला प्रश्न ठरलेला. "जेवले का?"

"जेवून राह्यलो."

"हाटेलात?"

"नाई. दिपीच्या इथी."

पलीकडून काही आवाज येईना. नत्थूजींना वाटलं, रेंज गेली. मग मंदाबाईंचा श्वास ऐकू आला, अडकत अडकत.

"सांगतलं का तिनं?"

"हाव."

मग नाक ओढून, आवाज सावरून मंदाबाईंनी विचारलं, "काय केलं पोरीनं जेवायले?"

"वांगे," नत्थूजी म्हणाले. "वांगे आपलेच हायेत. मीठ तिचं हाये."